गुरुवारचं धुणं

बाबांच्या युनिफॉर्मच्या शर्टाचा डावा कफ उजव्यापेक्षा जास्त झिजला होता. उजव्याची कड नुसती पांढुरकी पडली होती. डाव्याचे धागे सुटले होते, करंगळीच्या बाजूला, साधारण चार सेंटिमीटर लांबीत. त्यातला सगळ्यात लांब धागा नऊ मिलिमीटर भरला. बाबा सगळी कामं उजव्या हाताने करायचे, म्हणून मला आधी हे उलटं वाटलं. मग लक्षात आलं, की उजव्या हाताने जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, बसवताना ते डावा हात मशीनच्या दाराच्या पत्र्यावर टेकवत असणार. दिवसातून दोन-अडीचशे वेळा, दोन वर्षं. मी बाबांना मशीनवर उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. ते कसे उभे राहायचे हे मला त्या कफवरून कळलं, ते गेल्यानंतर आठ महिन्यांनी.

मी ते ग्राफ पेपरवर उतरवलं. खिशाखाली हळदीचा डाग होता, रुपयाच्या नाण्याएवढा, डब्यातल्या आमटीचा. छातीवर गरम चुरा उडून पडलेली सात बारीक भोकं होती, कडा तपकिरी. पोटाजवळ मशीन थंड ठेवणारं कूलंट वाळून राहिलेलं एक फिकट वर्तुळ होतं आणि काखेत घामाच्या मिठाच्या दोन रेषा, एकीच्या आत एक.

"किती वेळ बघणार आहेस त्याच्याकडं?" आई म्हणाली. ती पलंगावर बसून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. तिचं तोंड साडीकडे होतं.

"झालंच."

"चुरगाळू नको. आहे तसा ठेव परत."

आठ महिने तो शर्ट दारामागच्या खिळ्याला होता. आईने त्यावर ड्रायक्लीनरकडचं प्लॅस्टिक चढवलं होतं आणि खालून पिन लावली होती. धूळ बसू नये म्हणून ती प्लॅस्टिक पुसायची. शर्ट धुतला नव्हता.

हे तिच्या स्वभावाच्या विरुद्ध होतं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी पाळी संपवून आले, की बाबा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचे. तेवढीच खूण. गुरुवारी पहाटे नळाला पाणी आलं की आई खुर्चीवरचा शर्ट उचलायची आणि भिजवायची. त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. लातूरहून लग्न करून आली तेव्हापासून, चोवीस वर्षं, गुरुवारी आमच्या दोरीवर युनिफॉर्म वाळत असायचा.

त्या बुधवारी बाबा दुसऱ्या पाळीहून आले आणि छातीत जळजळतंय, कँटीनच्या वड्याने ॲसिडिटी झाली असेल, असं म्हणाले. शर्ट त्यांनी खुर्चीवर टाकला नाही, खिळ्याला लावला. का, ते कळायला मार्ग नाही. कदाचित खिळा जवळ होता. पहाटे पाणी आलं तेव्हा आई त्यांना उठवायला गेली, आणि मग त्या गुरुवारी आमच्याकडे धुणं झालं नाही.

*

शर्टाची नक्कल मला नाटकासाठी करायची होती.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या एकांकिकेत मी पडद्यामागे होते. रक्त करायचं काम माझ्याकडे होतं. बाजारातलं रक्त कपड्यावरून निघत नाही, म्हणून मी साबणाच्या पाण्यात निघेल असं करून पाहिलं. सहाव्या वेळी जमलं. बाबा तो प्रयोग बघायला आले होते, पहिली पाळी करून, डबा हातात घेऊन. घरी येताना त्यांनी विचारलं, "त्यात तुझं काय होतं?"

"रक्त."

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "मला खरंच वाटलं गं. मी उठायला लागलो होतो. शेजारच्याने बसवलं."

त्या एकांकिकेचे कपडे चिखलीच्या मारुतरावांच्या ड्रेपरीतून आणले होते. ड्रेपरी म्हणजे नाटकाला भाड्याने कपडे आणि सामान देणारं दुकान. मारुतराव मूळ गावचे. जमिनी कारखान्यांना गेल्या, त्या जागी चाळी उभ्या राहिल्या, आणि चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जत्रेतल्या नाटकांसाठी जमवलेले अंगरखे, मुकुट, ढाली आणि तलवारी ठेवल्या होत्या. कपडे परत द्यायला मी गेले तेव्हा त्यांनी पांढरं उपरणं उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं.

"रगत सांडलं न्हाई व्हय तुमच्या नाटकात?"

"सांडलं होतं. धुतलं."

"माझ्याकडं चाळीस वर्सांत रगत लागलेलं उपरणं पांढरं हून आलेलं न्हाई. काय शिकतीस तू?"

परीक्षा संपल्यावर मी त्यांच्याकडे जायला लागले. बाबा तेव्हा होते. चार महिने करून बघ, म्हणाले. पहिला महिना मी फक्त हुक टाके घालून लावले आणि पेटाऱ्यांत कडुलिंबाचा पाला भरला. मग मुकुटाचा पुठ्ठा कसा भिजवायचा, किती थर द्यायचे, जरीची पट्टी उन्हात का चिकटवायची नाही, हे शिकले. चाकणच्या एका पॅकिंग युनिटमधून फोमचे उरलेले तुकडे मिळायचे. त्यांतून मी दगड, वडाची मुळं आणि एक मोठा शंख केला. हाताला लागेपर्यंत तो शंख फोमचा आहे हे कुणाला कळायचं नाही. सकाळी शेडचं कुलूप काढलं, की संध्याकाळ झालेली मला बाहेरच्या बल्बवरून कळायची.

बाबा गेल्यावर तेरावं झालं आणि रोहिदास काका घरी आले. ते बाबांच्याच डिपार्टमेंटचे, शिवाय युनियनच्या कमिटीत. त्यांनी फॉर्म आणला होता. कामावर असलेला माणूस गेला तर त्याच्या वारसाला सहा महिन्यांच्या आत त्याच्या जागेवर घ्यायचं, असा त्यांच्या कंपनीत जुना करार आहे.

"उत्कर्षाला मशीनवर नाही उभं करणार, वहिनी," ते म्हणाले. "ती शिकलेली. लॅबमध्ये घेतील. आणि कायम. आता कायम कुठं मिळतं हो? सगळी पोरं कंत्राटावर. पंधरा-पंधरा वर्षं घासतात, पण कार्डाचा रंग बदलत नाही."

त्यांचं खरं होतं. आईच्या फॉल-पिकोवर आणि ड्रेपरीवर दोघींचं कसंबसं चालत होतं, आणि आईचे गुडघे शिलाईला नाही म्हणायला लागले होते. काम वाईट नव्हतं. तेलाचे नमुने, कडकपणा, गंज. मला ते जमलं असतं.

मी म्हणाले, "डिग्रीचं सर्टिफिकेट अजून आलं नाही, काका. आलं की भरते."

सर्टिफिकेट तीन महिन्यांपूर्वी आलं. ते मी शेडमध्ये जरीच्या रिळांच्या पेटाऱ्यात तळाशी ठेवलं. काका एक-दोन गुरुवार सोडून यायचे आणि विचारायचे, आणि मी विद्यापीठाला नावं ठेवायचे. आई काही बोलायची नाही. पण पहिल्या पाळीची बस सव्वासहाला आमच्या कोपऱ्यावर येते, आणि ड्रायव्हर तिथे अजून वेग कमी करायचा. त्या वेळी आई ओट्याशी उभी असली की तिचे हात थांबायचे. बस पुढे गेली, की ती पोळी उलटायची. डबा ती अजून साडेपाचला भरायची. आता तो मी शेडमध्ये न्यायचे.

एकदा काका सहज म्हणाले होते, "त्याचा लॉकर अजून त्याच्याच नावाचा आहे. चिकटपट्टीवर त्याच्याच अक्षरात. तू आलीस की बदलू."

मी सही केली असती तर ते नाव निघालं असतं. नाही म्हणाले असते तरी निघालं असतं. काहीच म्हटलं नाही तर राहत होतं. हे मला स्वतःशी नीट मांडता यायला बराच वेळ लागला.

*

कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी धनेशने नाटक बसवलं होतं. तो भोसरीत एका युनिटमध्ये फिटर. तो शेडमध्ये आला तो भांडायच्या तयारीनेच.

"मारुतराव, युनिफॉर्म पाहिजे. पण मागच्या वर्षीसारखा नको."

"मागच्या वर्सी काय कमी पडलं?"

"इस्त्री जास्त पडली. परीक्षकांनी लिहून दिलं, बंद पडलेल्या कंपनीतला कामगार लग्नाला निघाल्यासारखा वाटतो."

"मग तुझाच दे की घालायला."

"माझा घालून मी कामावर जातो, भाऊ."

मी म्हणाले, "आमच्या घरी आहे एक. बाबांचा."

मारुतराव ढालीवर चमकी लावत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "न्हाई. मयताचा कपडा पेटाऱ्यात घ्यायचा न्हाई. आमच्या बापाच्या येळेपासून न्हाई घेतला." मग जरा थांबून म्हणाले, "बघून कर. नवा घे आन् जुना कर. तुला सगळं मोजायला लागतं, तर मोज आन् कर."

म्हणून मी नवा शर्ट घरी आणला, कारण आईने जुना बाहेर न्यायला मनाई केली होती. दोन संध्याकाळी मी तो जुना करत बसले. कॉलर पॉलिश पेपरने घासली. सगळा शर्ट चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. भोकं उदबत्तीने पाडली. कूलंटचं वर्तुळ पातळ रंगाने काढलं, हळदीचा डागही रंगानेच, कारण खरी हळद दिव्यांखाली आणि घामाने बदलते. कफचे धागे सुईने एकेक ओढून काढले.

आई मधून मधून बघायची.

"सातवं भोक वर आहे," ती एकदा म्हणाली.

मी मोजलं. दोन मिलिमीटर वर होतं.

बुधवारी संध्याकाळी काम संपलं. नाटकाचा कपडा दहा फुटांवरून बघायचा, असं मारुतराव सांगायचे. जवळून सगळंच खोटं दिसतं. आई खाली भाजी आणायला गेली होती. मी खिळ्यावरचा शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, त्याच्या जागी माझा लावला, वर प्लॅस्टिक चढवलं, पिन लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. खोली दहा फुटांचीच आहे. बराच वेळ बघितलं. मला फरक दिसला नाही.

त्याने मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच उभी होते, तेवढ्यात आईने खालून पिशवी धरायला हाक मारली. मी गेले. मग भाकऱ्या, मग जेवण, मग ती म्हणाली पाठ दुखतेय, म्हणून तिला बाम लावला. दिवा घालवताना शर्ट माझ्या ध्यानात नव्हता.

*

सकाळी मी उठले तेव्हा आई मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. हात ओले होते.

"उत्कर्षा, तुझ्या नाटकाचा शर्ट भिजवला गं मी."

मी मोरीपाशी गेले.

"पाणी पाचला आलं. अंधारच होता. खुर्चीवर हाताला लागला, टाकला बादलीत." ती हातांकडे बघत म्हणाली, "गुरुवार ना."

मी बादलीत पाहिलं. पाणी करडं झालं होतं, वर तेलाचा पातळ तवंग. शर्टाचा खिसा वर आला होता, आणि त्याच्याखाली रुपयाएवढा डाग लालभडक दिसत होता.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. साबण धुऊन काढला, की पुन्हा पिवळी. शाळेत हा प्रयोग असतो. रंगाने काढलेला डाग साबणात लाल होत नाही. आहे तसा राहतो.

दारामागे प्लॅस्टिकखाली माझा शर्ट होता.

"किती मेहनत घेतली होतीस," आई म्हणाली.

"असू दे. दुसरा करीन."

"होईल ना उद्यापर्यंत?"

"होईल. मोजमापं आहेत माझ्याकडे."

ती उठली. जाता जाता तिने पदराने खिळ्यावरचं प्लॅस्टिक पुसलं, नेहमी पुसायची तसं, वरून खाली. मी डबा उचलला आणि चप्पल घालून निघाले. तोंडही धुतलं नव्हतं.

शेडमध्ये गुरुवारी गडबड असते. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे हौशी मंडळींच्या तालमी आणि कपडे न्यायला गर्दी. मी नवा शर्ट घेऊन कोपऱ्यात बसले आणि ग्राफ पेपर समोर ठेवला. मारुतराव गिऱ्हाइकं आटपून माझ्याजवळ आले.

"ह्यो कशाला आता? काल पुरा हुनार म्हनली हुतीस."

मी सांगितलं. खुर्ची, बादली, हळद. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. ते ऐकताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आईला सांगितलंस?"

"नाही. तिला वाटतंय खिळ्यावरचा बाबांचा आहे. वाटू दे. मी हा दुसरा करून धनेशला देते."

"आन् ती रोज त्याला पुसनार."

"हो."

"किती दिस?"

मी कफची शिवण उसवायला घेतली.

मारुतराव म्हणाले, "म्या आयुष्यभर खोटंच इकलं, पोरी. पन समोर बसलेल्याला ठावं अस्तंय, का ह्यो मुकुट पुठ्ठ्याचा हाय. ठावं असून त्यो नमस्कार करतोय. न सांगता कुनाला पुठ्ठा दिला न्हाई म्या."

ते उठून गेले. मी काम करत राहिले. पहिला धागा सहा मिलिमीटरचा, दुसरा चार, तिसरा नऊ. कागदावर सगळं होतं. कूलंटचा, लोखंडाचा आणि घामाचा जो एक मिळून वास त्या शर्टाला होता, तो मी कुठे लिहिला नव्हता. लिहिण्याची रीत मला माहीत नव्हती. दुपारी तीनपर्यंत माझा एकच कफ झाला. डबा तसाच होता.

मी जरीच्या पेटाऱ्याचं झाकण उघडलं, रिळं बाजूला केली, तळातून सर्टिफिकेटचा लिफाफा काढला आणि घरी निघाले.

*

दार उघडंच होतं. खिळ्याला काही नव्हतं. प्लॅस्टिक घडी घालून पलंगावर ठेवलं होतं.

आई जमिनीवर चादर अंथरून शर्टाला इस्त्री करत होती. बाबांच्या शर्टाला. तो स्वच्छ होता. दिवसभर उन्हात राहून हळदीचा डाग इतका फिका झाला होता, की माहीत असल्याशिवाय दिसला नसता. कूलंटचं वर्तुळ गेलं होतं. भोकं होती. कफ होता.

माझी कापडी पिशवी खुर्चीवर होती. तिच्यात मी केलेला शर्ट नीट घडी घालून ठेवला होता.

"ने तो," आई म्हणाली. "उद्या नाटक आहे ना. दुसरा करत बसू नको."

मी हातातला लिफाफा पिशवीत सरकवला. "तुला कधी कळलं?"

"हळद लाल झाली तेव्हाच. तुझ्या रंगाला साबणानं काय होणार?" तिने बाही उलटली. "चोवीस वर्षं हळद धुतली मी त्यांची. आमटी नीट खाता यायची नाही."

"मग नाटकाचा शर्ट का म्हणालीस?"

"तू काय म्हणतीस ते बघत होते." तिने इस्त्री उभी केली. "आणि तुझ्या मनाला लागलं असतं. तू खुर्चीवर टाकला म्हणून झालं, असं."

"म्हणूनच झालं."

"गुरुवार होता म्हणून झालं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. बाहेर कुणाची तरी पोरं सायकलच्या घंट्या वाजवत होती.

"आधी रडले," आई म्हणाली. "बादलीतून काढून तसाच पिळावा, वाळत टाकावा, राहील काहीतरी, असं वाटलं. मग म्हटलं, भिजलाच आहे तर अर्धवट कशाला. घासला. दोन पाण्यातून काढला." तिने कॉलर नीट केली, बटणं लावली आणि शर्टाची घडी घातली, लहान मुलाच्या कपड्याची घालतात तशी, हळू. "तू शेडमध्ये गेलीस तेव्हा बस नव्हती, सुट्टीमुळं. तरी मी सव्वासहाला थांबले होते."

घडी तिने कपाटात ठेवली. इतर कपड्यांतच, त्यांच्या दोन साध्या शर्टांच्या वर.

साडेपाचला रोहिदास काका आले. हातात प्लॅस्टिकची फाइल होती. ते चपला काढत असतानाच त्यांचं लक्ष दारामागे गेलं.

"वहिनी, उद्धवचा शर्ट?"

"धुतला," आई म्हणाली. "बसा, चहा टाकते."

काका बसले. चहा आला तेव्हा त्यांनी बशीत ओतला आणि फुंकर न घालता प्यायला.

"उद्या शेवटचा दिवस आहे बघ," ते मला म्हणाले. "मी मॅनेजरला दोनदा थांबवलं. आता नाही थांबत. सर्टिफिकेट नसलं तरी सही करून ठेव, मार्कशीट लावू. बाकी मी बघतो." त्यांनी फाइल उघडून फॉर्म माझ्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं. फॉर्मवर बाबांचं नाव टाइप केलेलं होतं, कंपनीचा तिकीट नंबर, डिपार्टमेंट, आणि त्याखाली माझ्यासाठी एक मोकळी ओळ. "लॅबवाल्यांना सांगून ठेवलंय. उद्धवची पोरगी येतेय म्हटल्यावर त्यांनी खिडकीजवळचं टेबल काढून ठेवलंय तुला."

काका चांगले होते. हे सगळं जास्त अवघड होतं ते त्यामुळेच.

आई ओट्याशी उभी होती, पाठमोरी. ती भांडी विसळत नव्हती. नळही सुरू नव्हता.

मी पिशवीतून लिफाफा काढला आणि फॉर्मशेजारी ठेवला.

"काका, सर्टिफिकेट तीन महिन्यांपूर्वीच आलं आहे. मी लपवून ठेवलं होतं."

काकांनी लिफाफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लपवून? कशाला?" मग ते हसले, बळेच. "बरं, असू दे. आलंय ना? मग प्रश्नच मिटला. कर सही."

मी पेन उचललं, टोपण लावलं आणि त्यांच्या बाजूला ठेवलं. आई वळली. तिच्या हातात बाबांच्या डब्याचं झाकण होतं. दुपारचा डबा तसाच परत आलेला तिने पाहिला होता.

बोलायचं वाक्य मी आठ महिने मनात पुष्कळ प्रकारे जुळवलं होतं. त्यात कारणं होती, माफी होती, शेडबद्दल थोडं होतं. त्यातलं काही मला आठवेना.

"मी कंपनीत येणार नाही," मी म्हणाले. "बाबांची जागा दुसऱ्या कुणाला द्या, काका. लॉकरवरचं त्यांचं नाव काढा."